संशोधन बरोबर असूनही लोकांचा विश्वास कुठे तुटतो

मला आलेल्या एका प्रश्नात तीन गोष्टी विचारल्या आहेत. सरकार संशोधनाच्या आधारावर निर्णय घेतंय असं म्हणतं तरी लोक शंका का घेतात. लोकांना सायन्स नीट समजावून सांगितलं तर हे सुटेल का. आणि सल्ला सारखा बदलला की विश्वास जातो, मग पूर्ण खात्री होईपर्यंत शास्त्रज्ञांनी बोलूच नये का. मी बरीच वर्षं संशोधन आणि सरकार यांच्या मधल्या जागेत काम करतेय, म्हणजे एखाद्या विषयावरचे स्टडीज वाचायचे, त्यातलं भक्कम काय आणि कच्चं काय ते वेगळं करायचं, आणि निर्णय घेणाऱ्या कमिटीसाठी चार-पाच पानांची नोट बनवायची. त्यामुळे उत्तर लांब होणार आहे, पण विषयच तसा आहे.

आधी माझं मत सांगून टाकते. संशोधन चुकलं म्हणून विश्वास तुटला असं मी फार कमी वेळा पाहिलंय. तो बहुतेक वेळा संशोधन आणि धोरण यांच्या मधल्या टप्प्यात तुटतो, जिथे कुणीतरी "हे अजून नक्की माहीत नाही" हे वाक्य कापून टाकतं, किंवा "आम्ही असं ठरवलंय" म्हणायच्या ऐवजी "सायन्स असं सांगतं" म्हणून मोकळं होतं. पुढे जे लिहितेय ते सगळं या दोन गोष्टींभोवतीच आहे.

एक गैरसमज आधी बाजूला करू या, की लोकांचा शास्त्रज्ञांवरचा विश्वासच उडालाय. तसं दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ६८ देशांतल्या जवळपास ७२ हजार लोकांचा एक सर्व्हे प्रसिद्ध झाला, त्यात शास्त्रज्ञांवरच्या विश्वासाची सरासरी ५ पैकी ३.६२ आली, म्हणजे बऱ्यापैकी चांगली. पण त्याच सर्व्हेतला आतला भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शास्त्रज्ञ आपल्या विषयात पात्र आहेत असं ७८ टक्के लोकांना वाटतं, ते प्रामाणिक आहेत असं ५७ टक्क्यांना, आणि ते इतरांच्या म्हणण्याकडे लक्ष देतात असं वाटणारे फक्त ४२ टक्के. म्हणजे हुशारीबद्दल शंका नाहीये, शंका आहे ती "हे आमचं ऐकतात का" याबद्दल. आणि हा आकडा शास्त्रज्ञांबद्दलचा आहे, सरकारबद्दलचा नाही, ते दोन वेगळे धरले पाहिजेत.

आता तो मधला टप्पा. समजा एका स्टडीत आलं की अमुक उपायानं आजाराचा धोका २० टक्क्यांनी कमी होतो आणि खरा आकडा ५ ते ३३ टक्के यांच्यामधे कुठेही असू शकतो. मूळ पेपरात हे सगळं लिहिलेलं असतं, शिवाय स्टडी कुठल्या वयाच्या लोकांवर झाला, किती महिने चालला, काय मोजलं गेलं नाही, हेही असतं. कमिटीच्या नोटमधे २० टक्के राहतात आणि रेंज कंसात जाते. नोटचा एक पानाचा सारांश होतो तेव्हा कंस उडतो. भाषणात "धोका कमी होतो हे सिद्ध झालंय" असं येतं आणि बातमीच्या मथळ्यात "आता धोका नाही". यात कुणी खोटं बोललेलं नसतं, प्रत्येकानं आपल्या पायरीवर थोडंसं सोपं केलेलं असतं एवढंच, पण शेवटी लोकांच्या हातात जे पडतं ते मूळ संशोधनानं कधी म्हटलेलंच नसतं. आणि सहा महिन्यांनी नवीन आकडा १२ टक्के आला की लोक म्हणतात शास्त्रज्ञांनी शब्द फिरवला. वास्तविक १२ हा आकडा पहिल्या रेंजमधेच होता.

मीटिंगमधे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "एवढं लिहू नका, लोक घाबरतील". हे बोलणारी माणसं वाईट नसतात, त्यांना खरंच काळजी असते. पण या काळजीनं काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण ब्रिटनमधल्या मॅड काऊ आजाराचं, बीएसईचं आहे आणि ते जरा सविस्तर सांगते कारण त्याची चौकशी फार बारकाईनं झालीय.

१९८६ च्या अखेरीस तिथे गाईंमधे हा मेंदूचा नवीन आजार ओळखला गेला. १९८८ मध्ये सरकारनं तज्ज्ञांचा एक गट नेमला. फेब्रुवारी १९८९ च्या त्यांच्या रिपोर्टात दोन गोष्टी होत्या. एक, या आजाराचा माणसाच्या आरोग्यावर परिणाम होण्याची शक्यता अगदीच कमी वाटते. दुसरी, हा आपला अंदाज चुकीचा ठरला तर परिणाम अत्यंत गंभीर असतील. उपलब्ध माहितीवर दोन्ही वाक्यं प्रामाणिक होती. पण पुढची काही वर्षं लोकांना सांगितलं गेलं ते फक्त पहिलं वाक्य, तेही उत्तरोत्तर जास्त ठामपणे. मे १९९० मध्ये कृषिमंत्र्यांनी टीव्ही कॅमेऱ्यांसमोर आपल्या चार वर्षांच्या मुलीला बीफ बर्गर खायला दिला, बघा किती सुरक्षित आहे म्हणून. आणि मग २० मार्च १९९६ ला आरोग्यमंत्र्यांना संसदेत उभं राहून सांगावं लागलं की तरुण रुग्णांमधे मेंदूच्या आजाराचा एक नवा प्रकार सापडलाय आणि त्याचा संबंध बीएसईशी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त आहे. त्या आजारानं ब्रिटनमधे पुढे एकूण १७८ लोक गेले.

ऑक्टोबर २००० मध्ये चौकशीचा १६ खंडांचा रिपोर्ट आला. त्यात सरकारनं मुद्दाम खोटं बोलल्याचा ठपका नाहीये, हे अनेकांना माहीत नसतं. रिपोर्ट म्हणतो की धोका फार दूरचा आहे असं सरकारला मनापासून वाटत होतं, लोक घाबरून टोकाची प्रतिक्रिया देतील या चिंतेनं ते पछाडलेले होते, आणि दिलासा द्यायची ती सगळी मोहीम ही चूक होती, कारण १९९६ मध्ये खरं कळल्यावर लोकांना आपली फसवणूक झाली असं वाटलं. मला यातला अजून एक मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. चौकशीला असंही दिसलं की माणसाला धोका नाही असा समज पसरल्यामुळे लोकांच्या संरक्षणासाठी जे नियम केले होते ते राबवण्यातली कडक शिस्तही ढिली पडली. दिलासा एकट्या जनतेनंच ऐकला असं नाही, नियम पाळायची जबाबदारी असणाऱ्यांनीही तो ऐकला. म्हणजे "लोक घाबरू नयेत" म्हणून जे बोललं गेलं त्यानं प्रत्यक्ष सुरक्षाच कमी झाली. हे मी नोट लिहिताना कायम डोक्यात ठेवते.

इटलीतल्या लाक्विला भूकंपाची गोष्टही याच जातीची आहे. "भूकंप सांगता आला नाही म्हणून शास्त्रज्ञांना शिक्षा" अशी ती जगभर सांगितली जाते पण खटल्याचा मुद्दा तो नव्हता. त्या भागात कित्येक महिने लहान धक्के बसत होते, लोक धास्तावलेले होते, एक जण रेडॉन वायू मोजून मोठ्या भूकंपाचं भाकीत करत फिरत होता. ३१ मार्च २००९ ला तज्ज्ञांच्या राष्ट्रीय समितीची बैठक झाली, आणि त्याच दिवशी नागरी संरक्षण विभागाच्या उपप्रमुखांनी टीव्हीला सांगितलं की शास्त्रज्ञांच्या मते धोका नाही, उलट लहान धक्क्यांतून ऊर्जा सतत बाहेर पडतेय त्यामुळे परिस्थिती चांगलीच आहे. या म्हणण्याला भूकंपशास्त्रात आधार नव्हता. ६ एप्रिलच्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, ३०९ लोक गेले. खटल्यात लोकांनी सांगितलं की एरवी धक्का बसला की घराबाहेर मोकळ्या जागेत रात्र काढायची त्यांच्याकडे जुनी रीत होती, पण त्या रात्री काही जण सरकारी दिलाशावर भरवसा ठेवून आतच थांबले. २०१२ मध्ये त्या बैठकीतल्या सात जणांना सहा-सहा वर्षांची शिक्षा झाली, २०१४ मध्ये अपिलात सहा जण सुटले आणि फक्त तो उपप्रमुख दोषी राहिला, शिक्षा दोन वर्षांवर आली. भूकंप सांगता येत नाही हे खरं, पण मग "होणार नाही" हेही सांगता येत नाही. दुसरा अर्धा भाग गाळला गेला.

आता दुसरी अडचण, "सायन्स सांगतं" या वाक्याची. संशोधन सांगू शकतं की असं केलं तर साधारण काय होईल, कुणाला, किती, किती खात्रीनं. पण मग काय करायचं, कुणाचं नुकसान चालवून घ्यायचं आणि कुणाचं नाही, हे संशोधन ठरवत नाही, ते माणसं ठरवतात, आणि ठरवलंच पाहिजे कारण निवडून आलेल्या सरकारचं ते कामच आहे. गडबड होते जेव्हा हा ठरवण्याचा भाग संशोधनाच्या नावाखाली झाकला जातो.

कोविडच्या सुरुवातीचं मास्कचं प्रकरण आठवा. २९ फेब्रुवारी २०२० ला अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावरच्या तिथल्या प्रमुख सरकारी डॉक्टरांनी, जाहीरपणे लिहिलं की मास्क विकत घेणं थांबवा, सामान्य लोकांना त्यांचा उपयोग होत नाही, पण डॉक्टर-नर्सना ते मिळाले नाहीत तर सगळ्यांनाच धोका आहे. एकाच दमात दोन वेगळ्या गोष्टी. एक पुराव्याबद्दलचा दावा, आणि दुसरी साठा कमी आहे म्हणून आधी कुणाला द्यायचं हा निर्णय. दुसरी गोष्ट एकटी सांगितली असती तर लोकांना पटण्यासारखी होती, साठा कमी आहे, आधी हॉस्पिटलला जाऊ दे. पण पहिली तिला जोडली, आणि ३ एप्रिलला तिथल्या सीडीसी या साथरोग नियंत्रण संस्थेनं सगळ्यांनी कापडी मास्क वापरा म्हटल्यावर पाच आठवड्यांत सल्ला पूर्ण उलटला असं चित्र तयार झालं, आणि त्याची किंमत पुढच्या प्रत्येक सल्ल्याला मोजावी लागली.

याच्या उलट चांगलं हाताळलेलं उदाहरण त्याच काळातलं आहे. अ‍ॅस्ट्राझेनेका लसीनंतर फार क्वचित होणाऱ्या रक्ताच्या गुठळ्यांचा संबंध मार्च-एप्रिल २०२१ मध्ये दिसायला लागला. माहिती सगळ्या देशांकडे जवळपास तीच होती, पण फ्रान्सनं लस ५५ च्या पुढच्यांना ठेवली, जर्मनीनं साधारण ६० च्या पुढे, डेन्मार्कनं आपल्या कार्यक्रमातून ती काढूनच टाकली, ब्रिटननं आधी ३० आणि मग ४० च्या खालच्यांना शक्यतो दुसरी लस द्या म्हटलं. लोकांनी विचारलं, सायन्स एकच असेल तर नियम चार कसे. रास्त प्रश्न आहे. उत्तर असं की डेन्मार्कमधे तेव्हा साथ बऱ्यापैकी आटोक्यात होती आणि हाताशी दुसऱ्या लसी होत्या, दुसरीकडे ते नव्हतं, त्यामुळे तोच धोका वेगवेगळ्या परिस्थितीत वेगवेगळा तोलला गेला. ब्रिटनमधे ७ एप्रिलच्या पत्रकार परिषदेत केंब्रिजच्या संशोधकांनी केलेले चार्ट पडद्यावर दाखवले, प्रत्येक वयोगटाला लसीपासून फायदा किती, धोका किती, साथ कमी असताना आणि जास्त असताना. वीस-एकोणतीस वयोगटात साथ कमी असेल तर फायदा धोक्यापेक्षा जास्त दिसत नाही, हेही त्यात उघड दाखवलं होतं. मला ते बघून फार बरं वाटलं होतं. निर्णय कुठल्या आकड्यांवरून आला आणि आकडे बदलले तर निर्णय का बदलेल, दोन्ही लोकांसमोर होतं.

हा तोलण्याचा भाग किती गुंतागुंतीचा असू शकतो त्याचं मला कायम आठवणारं उदाहरण म्हणजे रोटाव्हायरसची पहिली लस. लहान मुलांना होणाऱ्या जीवघेण्या जुलाबांवरची ही लस अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झाली. लस बाजारात आल्यावर होणाऱ्या त्रासाची नोंद ठेवणारी जी यंत्रणा असते तिच्यात थोड्याच महिन्यांत दिसलं की काही बाळांचं आतडं आत सरकून अडकतंय. जुलै १९९९ मध्ये लसीकरण थांबवलं, ऑक्टोबरमधे कंपनीनं लस मागे घेतली. धोका साधारण दहा हजार बाळांमागे एक जास्तीची केस इतका निघाला. हा यंत्रणेच्या जमेचा भाग आहे, धोका शोधला, सांगितला, थांबले. पुढच्या दोन लसींच्या चाचण्या मग प्रत्येकी ६० हजारांहून जास्त बाळांवर घेतल्या, हाच धोका पकडता यावा म्हणून. पण त्या लसी यायला २००६ उजाडलं. श्रीमंत देशात या जुलाबानं मुलं क्वचितच दगावतात, तिथे लस मागे घेणं समजण्यासारखं होतं. गरीब देशांत तेव्हा दरवर्षी लाखो मुलं या विषाणूनं जात होती, तिथे दहा हजारात एक हा धोका पत्करणं कदाचित योग्य ठरलं असतं, पण जिथे बनली तिथेच ती बंद झाल्यावर दुसरीकडे द्यायला कुठलं सरकार धजावणार, आणि लोकांनी तरी "त्यांना नको ती आम्हाला का" असं का विचारू नये? या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. एवढंच म्हणेन की इथे पुरावा सगळीकडे सारखाच होता आणि बरोबर निर्णय मात्र सगळीकडे सारखा नव्हता, आणि हे उघडपणे बोलायला हवं होतं.

याची दुसरी बाजूही आहे. सल्लागाराला सल्ला द्यायला बसवायचं आणि धोरणाच्या विरुद्ध बोलला की काढायचं. ब्रिटनमधे २००९ मध्ये अमली पदार्थांवरच्या सल्लागार मंडळाच्या अध्यक्षांना, प्रोफेसर डेव्हिड नट यांना गृहमंत्र्यांनी पद सोडायला लावलं, कारण पदार्थांच्या धोक्याबद्दल ते जाहीरपणे सरकारी वर्गीकरणापेक्षा वेगळं बोलत होते. सरकारनं सल्ला न मानणं मला चालतं, तो सरकारचा अधिकारच आहे. पण "सल्ला हा होता, आम्ही तो या कारणासाठी मानत नाही" असं म्हणून पुढे जाता येतं. माणूस काढला की बाहेर बसलेल्या लोकांना वाटतं उरलेले सल्लागार तेच बोलतात जे वरून हवंय, आणि मग त्यांच्या खऱ्या सल्ल्यालाही वजन राहत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, लोकांना समजावलं की झालं का. माझं उत्तर नाही असं आहे, आणि कारण मेंढ्यांचं आहे.

२६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलचा अपघात झाला, त्याचा ढग मे महिन्याच्या सुरुवातीला ब्रिटनवरून गेला आणि नेमका तेव्हाच कम्ब्रिया, उत्तर वेल्स, स्कॉटलंड इथल्या डोंगराळ भागात जोराचा पाऊस पडला, त्यामुळे किरणोत्सारी सीझियम गवतावर उतरलं. जूनमधे सरकारनं तिथल्या मेंढ्या हलवण्यावर आणि कापण्यावर बंदी घातली आणि सांगितलं की साधारण तीन आठवड्यांत उठेल. शास्त्रज्ञांचा अंदाज असा होता की सीझियम मातीत पक्कं बसेल आणि गवतात परत येणार नाही. हा अंदाज चिकणमातीच्या, सपाटीच्या जमिनीवरच्या मोजमापांवरून आला होता आणि तिथे तो बरोबरच होता. पण डोंगरावरची माती पीट, आम्लधर्मी, ओली, कुजलेल्या झाडोऱ्याची, तिच्यात सीझियम बसत नाही, गवतात जातं, मेंढीत जातं, लेंड्यांतून परत मातीत येतं. तीन आठवड्यांची बंदी अनिश्चित काळासाठी वाढवली, आणि शेवटच्या शेतांवरची बंदी उठायला जून २०१२ उजाडलं. सव्वीस वर्षं.

लँकेस्टर विद्यापीठाच्या ब्रायन विन यांनी त्या शेतकऱ्यांमधे जाऊन काम केलं आणि त्यांनी जे मांडलं ते या क्षेत्रात आजही शिकवलं जातं. शेतकऱ्यांना किरणोत्सार कळत नव्हता पण जमीन आणि मेंढ्या कळत होत्या. त्यांना सांगितलं गेलं की कोकरं खाली दरीत चारा, तिथे सीझियम कमी आहे. ते म्हणाले दरीतलं गवत थोडंच असतं, ते आत्ता संपवलं तर पुढे काय. शास्त्रज्ञांनी बेंटोनाइट नावाची, सीझियम धरून ठेवणारी माती पसरून बघायचा प्रयोग केला, त्यासाठी मेंढ्या कुंपणात ठेवल्या, शेतकरी म्हणाले या मेंढ्या मोकळ्या डोंगरावर चरणाऱ्या आहेत, कुंपणात त्या खंगतील, तुमचे आकडे बिघडतील. कुणी ऐकलं नाही, आणि पुढे नेमकं त्याच अडचणीमुळे तो प्रयोग गुपचूप गुंडाळावा लागला. त्यात शेजारीच अणुप्रकल्प, जिथे १९५७ मध्ये मोठी आग लागली होती आणि तेव्हाची बरीच माहिती दाबली गेली होती. शेतकरी विचारायला लागले, हे सगळं खरंच चेर्नोबिलचं आहे की निदान थोडं इथलंच जुनं आहे, आणि इथलं असेल तर आधी मोजलं का नाही.

या लोकांना अजून एक माहितीपत्रक देऊन काय साधलं असतं? त्यांचा अविश्वास अज्ञानातून आलेला नव्हता, अनुभवातून आलेला होता, आणि तो बऱ्याच अंशी बरोबर होता. पहिल्याच आठवड्यात कुणी दहा शेतकऱ्यांबरोबर बसून "तुमची माती कशी आहे, मेंढ्या कधी कुठे चरतात" एवढं विचारलं असतं तर तीन आठवड्यांचं ते वाक्य कदाचित तोंडातूनच निघालं नसतं. म्हणून मी म्हणते की लोकांशी बोलणं हे निर्णय झाल्यावर करायचं काम नाही. ते पुरावा गोळा करायच्या कामातच मोडतं. सर्व्हेतला तो ४२ टक्क्यांचा आकडा मला इथे आठवतो.

आणि विश्वास ही गोष्ट उलट दिशेनंही चालते, हे फारसं कुणी बोलत नाही. संशोधनालाच लोकांचा विश्वास लागतो, कारण लोक चाचणीत आलेच नाहीत तर पुरावा येणार कुठून. २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी ट्रायलमधे, म्हणजे कोविडवरच्या औषधांच्या चाचणीत, हॉस्पिटलमधे दाखल असलेले हजारो रुग्ण सामील झाले म्हणून १६ जूनला जगाला कळलं की डेक्सामेथासोन या जुन्या औषधानं व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू साधारण एक तृतीयांशानं कमी होतात. याउलट अमेरिकेत टस्कीगीला १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचार न देता नुसतं बघत राहिले, पेनिसिलिन हाताशी आल्यावरही, आणि हे सरकारी आरोग्य खात्यानंच केलं. त्या समाजातला माणूस आज वैद्यकीय संशोधनाबद्दल शंका घेत असेल तर त्याला अडाणी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ब्रिटिश तत्त्वज्ञ ओनोरा ओनील २००२ पासून हेच सांगतायत, नुसता विश्वास वाढवायच्या मागे लागू नका, विश्वास ठेवण्याजोगं वागा आणि लोकांना ते तपासता येईल अशी सोय करा. चुकीच्या ठिकाणी ठेवलेला विश्वास कमी होणं चांगलंच आहे की.

तिसरा प्रश्न, खात्री होईपर्यंत थांबावं का. थांबू नये. ओझोनचं उदाहरण घ्या. फ्रिज आणि स्प्रेमधे वापरले जाणारे सीएफसी वायू ओझोनचा थर खातील हा इशारा मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ मध्ये दिला, १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर थर प्रचंड पातळ होतोय हे मोजमापातून दिसलं, आणि १६ सप्टेंबर १९८७ ला हे वायू कमी करण्याच्या माँट्रियल करारावर सह्या झाल्या. तेव्हा अंटार्क्टिकातलं छिद्र नेमकं सीएफसीमुळेच पडतंय यावर शेवटची मोहोर उठायची होती, त्यासाठीची विमानं त्याच महिन्यात तिथे मोजमाप करत होती. म्हणजे खात्री पूर्ण नव्हती तरी सह्या झाल्या. पण करारात एक गोष्ट पहिल्यापासून लिहिलेली होती, की ठरावीक वर्षांनी तज्ज्ञ नवीन पुरावा तपासतील आणि त्याप्रमाणे नियम बदलतील. तसे ते १९९० मध्ये लंडनला आणि १९९२ मध्ये कोपनहेगनला आणखी कडक झालेही, आणि कुणी म्हटलं नाही की शास्त्रज्ञांनी घूमजाव केलं. बदल होणार हे आधीच सांगितलेलं होतं, कधी होणार आणि कशावरून होणार तेही. सल्ला बदलण्यानं विश्वास जातो हे मला अर्धवट निरीक्षण वाटतं, न सांगता बदलल्यानं जातो.

यावर नेहमी एक आक्षेप येतो आणि तो मी गांभीर्यानं घेते. तुम्ही अनिश्चितता उघड केली की ज्यांचे धंदे अडकलेत ते तिचा फायदा घेतात. तंबाखू कंपन्यांनी हेच केलं. धूम्रपान आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध १९५० मध्येच ठळकपणे समोर आला होता, तरी १९६९ मधल्या एका कंपनीच्या अंतर्गत कागदात सरळ लिहिलंय की शंका हाच आमचा माल आहे. अनेक दशकं त्यांनी "अजून नक्की नाही" एवढ्यावर काढली. मग काय करायचं? माझ्या कामात मी एवढंच करते की "अनिश्चित आहे" असं सगळ्यावर पसरून कधी लिहीत नाही. कशाबद्दल खात्री आहे, कशाबद्दल नाही, आणि जी नाही तिच्यामुळे निर्णय बदलतो का, हे तीन वेगवेगळे लिहिते. धूम्रपानानं कॅन्सर होतो हे पक्कं असताना नेमक्या कुठल्या रसायनाचा किती वाटा हे माहीत नसणं यानं धोरणात काही फरक पडत नव्हता. आकड्यात सांगितलेली अनिश्चितता लोकांना झेपते याला पुरावाही आहे, केंब्रिजच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की आकड्याबरोबर त्याची रेंज दिली तर विश्वास अगदीच किंचित कमी होतो, पण "थोडंफार इकडे-तिकडे असू शकतं" अशी मोघम शब्दांत सांगितली तर जास्त कमी होतो. म्हणजे "५ ते ३३" हा कंस सारांशातून काढून टाकायचं कारणच उरत नाही.

विश्वास ठेवायचा म्हणजे डोळे झाकून नाही हेही सांगायला हवं. २२ मे २०२० ला लॅन्सेटसारख्या मोठ्या वैद्यकीय जर्नलमधे ६७१ हॉस्पिटलांतल्या ९६ हजार रुग्णांचा डेटा असल्याचा दावा करणारा पेपर आला, कोविडवर देऊन बघितल्या जाणाऱ्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधानं मृत्यू वाढतात म्हणून. तीन दिवसांत डब्ल्यूएचओनं आपल्या चाचणीतला तो भाग थांबवला. बाहेरच्या संशोधकांनी आकडे जुळत नाहीत म्हणून मूळ डेटा मागितला, तो पुरवणाऱ्या कंपनीनं तो दाखवला नाही, आणि ४ जूनला पेपर मागे घेतला गेला. ते औषध उपयोगाचं नाही हे पुढे खऱ्या चाचण्यांतून कळलं ते वेगळं, पण डेटा न बघता धोरण हललं होतं.

तुम्ही स्वतः एखादी सरकारी घोषणा वाचत असाल तर मी काय बघते ते सांगते. तज्ज्ञांचा सल्ला मूळ स्वरूपात उपलब्ध आहे का, फक्त त्याचा सारांश नाही. कमिटीत कोण होतं आणि त्यांचे आर्थिक संबंध जाहीर आहेत का. कुणाचं वेगळं मत होतं का आणि ते छापलंय का, कारण पंधरा जण एका गुंतागुंतीच्या प्रश्नावर अगदी एकमतानं बोलत असतील तर मला उलट काळजी वाटते. आणि निर्णयाचा फेरविचार कधी, कुठल्या माहितीवर होणार. ब्रिटनच्या सेज या सल्लागार गटाचं कोविडच्या सुरुवातीला कोण सदस्य आहेत हेही जाहीर नव्हतं, खूप टीका झाल्यावर मे २०२० मध्ये सदस्यांची नावं आणि मग बैठकांची मिनिट्स बाहेर यायला लागली. ती मिनिट्स वाचण्यासारखी आहेत. कितीतरी ठिकाणी विधानाच्या पुढेच लिहिलेलं दिसतं, खात्री जास्त, खात्री मध्यम, खात्री कमी.